आपलं जुनं घर ज्यांनी बांधलं त्यांची नातवंडं कशी शोधायची (चराईतल्या आमच्या घराचा अनुभव)

ठाण्यात चराई, टेंभी नाका, खारकर आळी, उथळसर, चेंदणी या भागात अजून काही कौलारू घरं उरलीत, त्यातल्या एखाद्या घरात तुम्ही राहत असाल आणि ते तुमच्या घराण्याने बांधलेलं नसून कोणाकडून तरी घेतलेलं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. माझ्या आजेसासऱ्यांनी आमचं घर १९६१ साली विकत घेतलं, ज्यांच्याकडून घेतलं ते लोक नंतर कुठे गेले हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं, आणि आता घर रिडेव्हलपमेंटला जाणार हे नक्की झालं तेव्हा मला वाटलं की पडायच्या आधी त्यांच्यापैकी कोणाला तरी कळायला हवं. सव्वा वर्ष लागलं. सापडले ते थेट इस्राएलमध्ये, अश्दोदला. कसे सापडले ते सांगते, तुमची माणसं कदाचित डोंबिवलीतच असतील, पण वाट थोडीफार हीच आहे.

पहिलं काम शोधायचं नाही, घरात बोलायचं. आमच्याकडे चुलतसासरे एकदम भडकले, म्हणाले झोपलेल्या वारसांना कशाला उठवतेस, उद्या येऊन हिस्सा मागतील. ही भीती खोटी नाही आणि ती बाजूला सारून पुढे गेलात तर घरात कायमची कटकट होते. म्हणून आधी कपाटातले कागद काढा आणि ओळखीच्या वकिलाला दाखवा. खरेदीखत रजिस्टर झालेलं असेल, पैसे पूर्ण दिलेले असतील आणि प्रॉपर्टी कार्डावर आपलं नाव चढलेलं असेल तर विकणाऱ्याच्या नातवंडांचा घरावर हक्क राहत नाही. आम्ही सगळे कागद टेबलावर मांडून वकिलांना बोलावलं, काकांसमोर बोलायला लावलं, तेव्हा काका शांत झाले आणि पुढे सगळ्यात जास्त मदत त्यांनीच केली. पण खरेदीखतच मिळत नाही, किंवा नाव कधी चढवलंच नाही, किंवा घर पागडीचं आहे, तर मग थांबा. पागडीत त्या घरची माणसं म्हणजे तुमचे घरमालकच, तिथे हा आठवणींचा विषय राहत नाही, आधी वकील मग बाकी सगळं.

आता घर बघा. म्हणजे खरंच बघा, टॉर्च घेऊन. दारावरच्या पट्टीवर, तुळईवर, विहिरीच्या कठड्यावर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर साल कोरलेलं असतं, आकडा शके असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८३१ असेल तर १९०९ (वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांतलं असेल तर ७९), संवत असेल तर ५७ वजा करा. कौलं उलटी करून बघा, मंगळुरी कौलांवर कारखान्याचा छाप असतो, तिथला पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली काढला, त्यामुळे तसा छाप असलेलं कौल त्याच्या आधीचं असू शकत नाही. अर्थात कौलं बदलतात, म्हणून नुसत्या कौलांवरून घराचं वय ठरवू नका. माळ्यावर ट्रंक असेल, भिंतीतल्या फडताळात मागच्या फळीला चिकटलेलं वर्तमानपत्र असेल, दाराच्या आतल्या बाजूला पोरांच्या उंचीच्या रेघा असतील, सगळ्याचे फोटो काढा आणि शेजारी फूटपट्टी ठेवून काढा.

फूटपट्टीचं मुद्दाम सांगतेय. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी रंगाचं काम काढलं होतं, पुढच्या दाराची चौकट घासताना रंगाऱ्याने हाक मारली, वहिनी हे बघा. आत शिरताना उजव्या हाताला, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीला, दोन खिळ्यांची भोकं होती, एकाखाली एक, आणि मधली बोटभर पट्टी बाकी सागवानापेक्षा फिकट, जणू तिथे वर्षानुवर्षं काहीतरी ठोकलेलं होतं. मी फोटो काढला, दोन भोकांमधलं अंतर मोजलं, साडेतीन इंचाला थोडं कमी, आणि वहीत लिहून ठेवलं. तेव्हा ते काय आहे याची काहीच कल्पना नव्हती. रंगाऱ्याला तेवढी जागा सोडून रंग द्यायला सांगितलं, एवढंच.

यानंतर म्हातारी माणसं गाठा, आणि हे आजच करा, पुढच्या महिन्यावर टाकू नका. आमच्या समोरच्या वाड्यातल्या आजोबांकडे मी दोनदा जायचं म्हणून राहिले आणि ते गेले, ती हळहळ अजून जात नाही. विचारताना "हे घर कोणी बांधलं" असं विचारू नका, नाही माहीत म्हणून सांगतात. लहानपणचं विचारा, इथे खेळायला कोण यायचं, विहिरीवर पाणी कोण भरू द्यायचं, सणाला इथून काय खायला यायचं, कोणाच्या घरी पहिला रेडिओ आला. गल्लीतल्या एका पंचाऐंशीच्या मावशींनी एका फटक्यात सांगितलं, "अगं ते शनवारी चूल न पेटवणारे, त्यांच्याकडे पोहे आणि खोबऱ्याचा प्रसाद असायचा, आम्ही पोरं रांग लावून बसायचो." आडनाव त्यांना आठवत नव्हतं, पण एवढं पुरलं. लोकांना आडनावापेक्षा टोपणनाव, धंदा, जेवण हेच जास्त लक्षात राहतं, तेच लिहून घ्या, आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा कारण दुसऱ्यांदा ऐकताना निम्म्या गोष्टी नव्याने कळतात.

शनवारी चूल न पेटवणारे म्हणजे बेने इस्राएल, आपल्या कोकणातले ज्यू. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत ते पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. तो पोह्यांचा प्रसाद म्हणजे मलिदा, एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने करतात. आणि दारावरची ती दोन भोकं मेझुझाची, तोरातल्या म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी एका छोट्या डबीत घालून चौकटीच्या उजव्या बाजूला लावतात.

आता कागदांचं. इथे नीट लक्ष द्या कारण बहुतेक लोक इथेच कंटाळतात. ठाण्याच्या जुन्या भागात प्रॉपर्टी कार्डावर टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर असे दोन आकडे असतात, दोन्ही लिहून घ्या, एकट्या सिटी सर्व्हे नंबरावर काही होत नाही. कार्ड महाभूमीच्या साइटवर ऑनलाइन निघतं, पण त्यावर बहुतेक अलीकडच्याच नोंदी कळतात. नगर भूमापन ऑफिसात अर्ज करून दोन गोष्टी मागा, एक म्हणजे जुनं हाताने लिहिलेलं कार्ड सगळ्या फेरफारांसकट, आणि दुसरी चौकशी नोंदवहीचा उतारा. ही चौकशी नोंदवही फार मोलाची, सिटी सर्व्हे झाला तेव्हा जागा कोणाच्या ताब्यात होती आणि त्याच्याकडे कशी आली हे त्यात लिहिलेलं असतं. फेरफारात वारस नोंद असेल तर मुलं, मुली, विधवा सगळ्यांची नावं एका जागी मिळतात, कधी वयंसुद्धा. ठाणे जिल्ह्यातले बरेच जुने फेरफार स्कॅन होऊन आपले अभिलेख या सरकारी साइटवर आलेत, आधी तिथे बघा, एखादी खेप वाचेल.

खरेदीखत हरवलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स शोधावा लागतो. इंडेक्स वन माणसाच्या नावाने लावलेला असतो आणि इंडेक्स टू मिळकतीने, सगळे इंडेक्स टूच मागतात, पण तुम्हाला माणसं शोधायची असतील तर वन पण मागा, त्याच माणसाने आणखी कुठे काय विकलं ते कळतं. ऑनलाइन सर्च फार मागे जात नाही, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं हवं तर रजिस्टर हातानेच चाळावं लागतं, त्यासाठी वकिलांकडे सर्च घेणारी माणसं असतात, त्यांना पैसे देऊन काम करून घेतलेलं बरं.

जुना कागद मोडीत निघाला तर घाबरू नका. मोडी वाचणारे ठाण्यात, मुंबईत, पुण्यात भेटतात, पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं त्यामुळे नवीन पोरंसुद्धा छान वाचतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, १८९३ पासूनची संस्था आहे, जुन्या ठाण्याची माहिती असलेली माणसं तिथे येत-जात असतात, आणि जुनी स्थानिक प्रकाशनं चाळायलाही तीच जागा.

आमची चूक सांगते. १९६१ च्या खरेदीखतात विकणाऱ्याचं आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी "कर", आणि वडिलांचं नाव सॅम्युअल. चौकशी नोंदवहीत मात्र त्याच आडनावापुढे मूळ धारक म्हणून "जी" लागलेलं मराठी वाटणारं नाव होतं, हसाजीसारखं. मी म्हटलं ही वेगळीच माणसं, मधे कोणीतरी विकलं असणार, आणि दोन महिने मधल्या व्यवहाराचा कागद शोधत बसले जो नव्हताच. नंतर कळलं की बेने इस्राएल लोकांमध्ये पूर्वी बायबलमधली नावं मराठी वळणाने लिहायचे, सॅम्युअलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सॅम्युअल एझिकेल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जायचे. म्हणजे आमच्या कागदात आजोबा आणि नातू एकाच घरातले, फक्त नाव लिहायची पद्धत बदलली. त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच माणूस वेगळा समजू नका, कोणत्याही समाजाचं असो, एकाच माणसाची चार स्पेलिंग आणि दोन नावं असतात, सगळी वहीत एका ओळीत लिहा.

कागद संपले की समाजाच्या दारात जायचं. ब्राह्मण घर असेल तर बऱ्याच आडनावांचे छापील कुलवृत्तांत आहेत, त्यात गावानुसार शाखा दिलेल्या असतात, ठाण्याची शाखा शोधा. सीकेपी असतील तर खारकर आळीत विचारत सुटा, दोन दिवसांत कोणीतरी कोणाचं तरी निघतंच. ख्रिश्चन असतील तर मासुंदा तलावाशेजारच्या सेंट जॉन चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं. आणि मूळ गाव कळलं असेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय, त्यांच्या चोपड्यांत गाव आणि आडनावावरून पिढ्या निघतात, तिथे यात्रेला गेलेल्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं.

आमच्यासाठी ती वाट टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगला गेली, शाआर हाशमाईम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ सालचं, घरापासून चालत दहा मिनिटं आणि मी इतकी वर्षं समोरून गेलेय. तिथे जायचं असेल तर आधी फोन करून वेळ घ्या, अचानक जाऊन उभं राहू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका, सुरक्षेचा प्रश्न असतो, ओळखपत्र जवळ ठेवा. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, त्या वेळात नको, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे मोठे सण असतात तेव्हाही नको. पुरुषांनी डोकं झाकायचं. मी खरेदीखताची झेरॉक्स नेली नाही, फक्त चौकटीचा फोटो आणि आडनाव नेलं, हे चांगलं झालं. तिथल्या काकांनी फोटो बघितला, मोठा करून बघितला, आणि स्वतःहून विचारलं कुठलं घर. कागद पुढे केला असता तर आधी संशय आला असता.

त्यांनीच कब्रस्तानाचं सुचवलं. बेने इस्राएल कबरींवर बऱ्याचदा मराठीतही लिहिलेलं असतं, हिब्रू सोबत, कुठे इंग्रजी पण, आणि दगडावर वडिलांचं नाव, मूळ गाव मिळून जातं. हिब्रू साल असेल तर त्यातून ३७६० वजा करा, ५६४० म्हणजे १८८० च्या आसपास. आमच्या घरच्या मूळ पुरुषाची कबर मिळाली, गवत बाजूला करून, पाण्याने दगड ओला केल्यावर अक्षरं वाचता आली. खडू किंवा ब्रश घासू नका, दगड खराब होतो, नुसतं पाणी आणि तिरका उजेड. मराठीत आमच्याच आळीचं नाव कोरलेलं बघून मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

आता परदेशात शोधायचं तर एक गोष्ट पक्की धरा, मुलींकडून शोधा. मुलांची आडनावं टिकतात म्हणून सगळे मुलांच्या मागे लागतात, पण इस्राएलला गेल्यावर अनेकांनी आडनावं बदलली, आणि घरची गोष्ट, फोटो, पाककृती बहुतेक वेळा लेकीकडे जाते. तिकडे गेलेले आपले लोक अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना अशा गावांत जास्त, त्यांचे फेसबुक ग्रुप आहेत, मायबोली नावाचं मराठी मासिकही तिथून निघायचं. ग्रुपवर घराचा पूर्ण पत्ता किंवा सर्व्हे नंबर टाकू नका, कोणीही उचलून काहीही करतं. मी फक्त चौकटीचा फोटो, "चराई, ठाणे" आणि आडनाव टाकलं, भोकांमधलं अंतर मुद्दाम लिहिलं नाही.

आणि जेव्हा माणूस सापडेल तेव्हा पहिला मेसेज फार विचार करून लिहा. जुन्या घराबद्दल अनोळखी फोन आला की आपल्याकडे कोणालाही वाटतं, हा सही मागायला आलाय, बिल्डरने पाठवलंय, एनओसी हवीय. जशी आपल्याला त्यांची भीती तशी त्यांना आपली. मी हे पाठवलं होतं, तुम्हीही वापरा:

"नमस्कार. आम्ही ठाण्याला चराईत राहतो. तुमच्या घराण्याने बांधलेलं घर माझ्या आजेसासऱ्यांनी १९६१ मध्ये तुमच्या माणसांकडून विकत घेतलं. घर अजून उभं आहे, विहीर आहे, पुढचं दार तेच आहे. आम्हाला कोणतीही सही, कागद किंवा पैसे नको आहेत. पुढच्या वर्षी घर पाडून नवीन इमारत होणार आहे, त्याआधी तुम्हाला कळावं आणि तुमच्याकडे या घराच्या काही आठवणी असतील तर ऐकाव्या एवढीच इच्छा आहे. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, राग नाही."

घर पाडायचं असेल तर ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहा, मागाहून कळलं तर फसवल्यासारखं होतं. सोबत दाराचा एक फोटो जोडा, बस. तिकडच्या तरुणांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून हेच मी बोलून व्हॉइस नोट पण पाठवली, आजी-आजोबांना ऐकवता येते. आणि मग गप्प बसा. पुन्हा पुन्हा "बघितलं का" विचारू नका. वेळेचं पण बघा, ते आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे आहेत, रविवार त्यांचा कामाचा दिवस.

पाच आठवड्यांनी शनिवारी रात्री उत्तर आलं, शब्बाथ संपल्यावर. विकणाऱ्यांची धाकटी मुलगी, आता ऐंशीच्या पुढे, घर सोडलं तेव्हा शाळेत होती. व्हॉइस नोट मराठीत, जुनं गोड मराठी, "न्हाणीघराशेजारचा पेरू आहे का गं अजून? माडीवरच्या खिडकीला तांबडी काच होती." पेरू नाही, काच आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या नातीने एक फोटो पाठवला, स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली पितळेची जुनी डबी, म्हणाली ठाण्याचं घर सोडताना पणजोबांनी ही काढून आणली. मी विचारलं खिळ्यांमधलं अंतर मोजशील का. तिने सेंटिमीटरमध्ये सांगितलं, साडेआठ. मी माझी वही काढून काकांसमोर हिशोब केला. काका उठून दारापाशी गेले आणि त्या जागेवर हात ठेवून उभे राहिले.

ते लोक भेटायला आले तर काय करायचं तेही सांगते कारण आम्ही गडबडलो होतो. जेवायला काय चालतं ते आधी विचारा. आमच्याकडे ठरलं ते असं की कोळंबी-खेकडे नाही, मटण असेल तर दूध-दही-तूप त्याच जेवणात नाही, अगदी नंतरचा दुधाचा चहासुद्धा नाही, काही जण बाहेरच्या भांड्यांतलंही खात नाहीत, मग फळं आणि शहाळं सगळ्यात सोपं. आम्ही नारळाच्या दुधातली खीर केली होती आणि कोऱ्या पत्रावळी आणल्या. घर दाखवायला पुढे पुढे जाऊ नका, त्यांना जाऊ द्या, आजींना कुठे वळायचं ते आमच्यापेक्षा नीट माहीत होतं. त्यांना थोडा वेळ एकटं सोडा, दार लोटून बाहेर बसा. गर्दी करू नका, शेजारीपाजारी नंतर बोलवा. त्यांच्याकडचे फोटो तिथल्या तिथे स्कॅन करा, मागच्या बाजूसकट, आणि कोण कोण आहे ते त्यांच्याकडून बोलवून रेकॉर्ड करा.

आणि काय हवंय ते विचारा, आपणच ठरवून हातात देऊ नका. आम्ही तांबडी काच काढून ठेवली होती त्यांच्यासाठी. आजी म्हणाल्या काच तुमच्याकडे राहू दे, मला विहिरीवरचा रहाट दे, तो सुटा करून बॅगेत मावेल का बघ.